स्टेजचा बॅकग्राउंड रंग रनटाइमला वाचताना दर वेळी वेगळंच उत्तर का येतं?

तक्रार नेहमी त्याच तीन शब्दांत येते: "मजकूर दिसत नाही." मजकूर असतो. गडद निळ्यावर काळा बसलेला असतो, एवढंच.

अ‍ॅक्शनस्क्रिप्ट ३ या फ्लॅशच्या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलेला, धडे दाखवणारा एक जुना प्लेअर बरीच वर्षं माझ्या गळ्यात आहे. त्यात एक चिमुकलं फंक्शन आहे. स्टेजचा, म्हणजे सगळं ज्यावर दिसतं त्या पडद्याचा, रंग वाचायचा, तो गडद असेल तर अक्षरं पांढरी करायची, फिका असेल तर काळी. काम एवढंच. तरी हे फंक्शन मी तीनदा 'कायमचं' दुरुस्त केलंय आणि दोनदा ती तक्रार परत आलीय. दर वेळी कारण वेगळं निघालं. तिसऱ्या खेपेला लक्षात आलं की माझा कोड चुकत नव्हता, माझा प्रश्नच अर्धवट होता. "बॅकग्राउंडचा रंग कोणता?" असं विचारलं की फ्लॅशमध्ये निदान चार जण उत्तर द्यायला उभे राहतात, आणि चौघांची उत्तरं वेगळी असू शकतात.

सुरुवातीलाच एक सांगून ठेवतो. खाली प्रॉपर्टींची आणि क्लासेसची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत, ती तुमच्या एडिटरमध्ये अर्थातच मूळ स्पेलिंगने टाइप करायची.

स्टेज म्हणजे कागद, शाई नव्हे

डिस्प्ले लिस्टमध्ये, म्हणजे पडद्यावर काढायच्या वस्तूंच्या यादीत, जे जे असतं ते शाईसारखं. स्प्राइट, शेप, टेक्स्टफील्ड, बिटमॅप हे सगळं काढलेलं असतं, मोजता येतं, पकडता येतं. स्टेजचा रंग त्या यादीत नाही. तो खालचा कागद आहे. फ्लॅश प्लेअर, म्हणजे फाइल चालवणारं सॉफ्टवेअर, आधी कागद रंगवतो आणि मग त्यावर यादीतल्या वस्तू काढतो. म्हणून स्टेजची मुलं धुंडाळून, गेटचाइल्डअ‍ॅट फिरवून रंग कधीच सापडत नाही.

या कागदाचा रंग ठरवतं कोण? पहिला हक्क एसडब्ल्यूएफचा, म्हणजे फ्लॅशच्या तयार, चालवायच्या फाइलचा. तिच्या सुरुवातीलाच सेटबॅकग्राउंडकलर नावाचा टॅग असतो. दुसरी ती वेबपेज, जिच्यात फाइल बसवली आहे. ऑब्जेक्ट किंवा एम्बेड टॅगमध्ये बीजीकलर दिला असेल तर तो फाइलमधल्या रंगावर मात करतो. तिसरा डब्ल्यूमोड, म्हणजे पेजवर फ्लॅश कसा मिसळायचा ते सांगणारं सेटिंग: तो ट्रान्सपरंट केला की कागदच काढून घेतला जातो आणि मागची पेज दिसते. चौथा दावेदार म्हणजे ज्याने कोणी सर्वांत खालच्या लेयरवर स्टेजभर चौकोन काढून ठेवलाय तो डिझायनर. त्याला तुम्ही विसरलेले असता आणि डोळ्यांना मात्र त्याचाच रंग दिसतो.

आधी सोपं: स्टेज.कलर

फ्लॅश प्लेअर ११ आला २०११ साली, आणि त्या आवृत्तीपासून स्टेजला कलर नावाची प्रॉपर्टी मिळाली. ती वाचता येते, लिहिताही येते. काही बदललं नसेल तर फाइलच्या टॅगमधला रंगच ती देते. बहुतेकांचा प्रश्न इथेच सुटायला हवा. सुटत नाही, कारण वाटेत तीन एरर उभ्या आहेत.

कंपाइल करतानाच १११९ क्रमांकाची एरर आली, म्हणजे "अशी प्रॉपर्टी बहुधा नाही" असं कंपाइलर म्हणतोय, तर तुमच्याकडची प्लेअरग्लोबल लायब्ररी, म्हणजे प्लेअरमध्ये काय काय आहे ते कंपाइलरला सांगणारी फाइल, जुनी आहे. १० किंवा १०.१ ची फाइल जोडलेली असते आणि तिच्यात ही प्रॉपर्टीच नसते. ११ किंवा पुढची जोडा.

मग काही जण हुशारी करतात. कंपाइलरला चकवायला चौकोनी कंसात नाव स्ट्रिंग म्हणून देतात. कंपाइल होतं, पण चालवताना १०६९ येते: प्रॉपर्टी सापडली नाही. मशीनवर प्लेअर तर नवा आहे, मग का? कारण प्लेअर फाइलच्या आवृत्तीचा आकडा बघतो. एसडब्ल्यूएफ आवृत्ती १३ पेक्षा कमी असेल, तर ११ मध्ये आलेल्या गोष्टी तो त्या फाइलपासून लपवून ठेवतो. कंपाइलरच्या पर्यायांत एसडब्ल्यूएफ-व्हर्जन १३ किंवा जास्त करा. लायब्ररी नवी जोडली पण आवृत्तीचा आकडा जुनाच राहिला, ही जोडी मी सर्वांत जास्त वेळा पाहिली आहे. बिल्ड स्क्रिप्ट दुसऱ्या प्रोजेक्टवरून उचललेली असली की हे हमखास.

तिसरी १००९, नल ऑब्जेक्टची. ही रंगाची नाहीच. कन्स्ट्रक्टरमध्ये स्टेज अजून नल असतो, खास करून तुमची फाइल दुसऱ्या फाइलमध्ये लोड होत असेल तेव्हा. स्वतंत्र चालवली की चालते, आत लोड केली की पडते, असं दिसलं तर शंका नको. अ‍ॅडेड-टू-स्टेज या इव्हेंटची वाट बघा आणि मगच वाचा.

आता एक आडवळणाची चूक. जुन्या प्लेअरवरही कोड चालावा म्हणून लोक असं लिहितात: स्टेज.कलर असेल तर तो वापर, नाहीतर पांढरा धर. वाचायला ठीक वाटतं. पण काळ्या रंगाची किंमत शून्य आहे, आणि 'जर' च्या कंसात शून्य म्हणजे खोटं. म्हणजे स्टेज नेमका काळा असला की कोड समजतो रंग मिळालाच नाही, पांढरा धरतो आणि काळ्यावर काळी अक्षरं काढतो. बाकी सगळ्या रंगांवर ठीक चालतं, म्हणून चाचणीत पकडलं जात नाही. माझी पहिली 'कायमची' दुरुस्ती इथेच मेली. प्रॉपर्टी आहे की नाही हे 'इन' ऑपरेटरने विचारा. तिची किंमत काय आहे यावरून तिचं अस्तित्व ठरवू नका. तुमच्या स्वतःच्या फंक्शनलाही हेच लागू. रंग सापडला नाही म्हणून शून्य परत केलंत, तर ते काळ्यापासून वेगळं ओळखता येत नाही. नल परत करा, आणि त्यासाठी परतीचा प्रकार ऑब्जेक्ट ठेवावा लागला तरी चालेल.

पांढऱ्याचा चकवा

स्टेज.कलर माहीत नसलेला माणूस साधारणपणे एकच युक्ती करतो: बिटमॅपडेटा बनवायचा, त्यात स्टेज ड्रॉ करायचा आणि कोपऱ्यातला पिक्सेल वाचायचा. उत्तर येतं पांढरा. स्टेजही पांढरा असतो, कारण फ्लॅशच्या नव्या डॉक्युमेंटचा मूळ रंग पांढराच असतो. "जमलं!" म्हणून तो पुढे जातो. महिन्याभराने कोणीतरी स्टेज निळा करतो आणि उत्तर तरीही पांढराच.

झालंय असं की ड्रॉ फक्त शाई काढतं, कागद काढत नाही. आणि बिटमॅपडेटाच्या कन्स्ट्रक्टरला तुम्ही फक्त रुंदी-उंची दिली असेल, तर तो स्वतःच अपारदर्शक पांढऱ्याने भरून येतो, तेच त्याचं मूळ सेटिंग. म्हणजे तुम्ही वाचलात तो रंग स्टेजचा नाही, तुमच्याच बिटमॅपचा. भरायचा रंग शून्य देऊन बघा: जिथे काही काढलेलं नाही तिथे गेटपिक्सेल३२ शून्य देईल, म्हणजे पूर्ण पारदर्शक. ही चाचणी दोन ओळींची आहे आणि वाद मिटवते.

एक भर. स्टेजवर दुसऱ्या डोमेनवरून आणलेलं चित्र असेल आणि परवानगीची पॉलिसी फाइल नसेल, तर हेच ड्रॉ २१२३ क्रमांकाची सुरक्षा-एरर फेकतं. घरच्या मशीनवर चालतं आणि सर्व्हरवर चढवल्यावर पडतं ते यामुळे.

ओपेकबॅकग्राउंड या नावालाही बरेच जण फसतात. नाव अगदी हवं तसंच आहे, पण ती प्रॉपर्टी डिस्प्लेऑब्जेक्टच्या चौकटीमागे रंग भरण्यासाठी आहे आणि तुम्ही स्वतः काही दिलं नसेल तर तिच्यात नल असतो. स्टेजवर ती लिहायला गेलात तर २०७१ येते, "स्टेज क्लासमध्ये ही सोय नाही."

आकडा बरोबर, वाचणारा चूक

कधी कधी रंग बरोबर मिळालेला असतो आणि गोंधळ पुढे होतो. ट्रेसमध्ये, म्हणजे तपासणीसाठी छापलेल्या मजकुरात, ३३६८६०१ दिसलं तर घाबरू नका. तो सोळाच्या पायातला ३३६६९९ आहे, दहाच्या पायात छापलेला. टूस्ट्रिंगला १६ द्या. पण मग दुसरी गंमत: ००३३६६ हा रंग असा छापला की फक्त ३३६६ येतो, कारण पुढची शून्यं गळतात. ही स्ट्रिंग कोणी स्टाइलशीटला दिली, की चार अंकी रंग पाहून तिथे वेगळंच काहीतरी होतं. सहा अंक होईपर्यंत डावीकडून शून्यं भरा.

तुलना करतानाही घोळ होतो. गेटपिक्सेल३२ रंगाच्या आधी अल्फाचे, म्हणजे पारदर्शकतेचे, आठ बिट जोडून देतं. तेच उत्तर तुम्ही इंटमध्ये ठेवलंत तर अपारदर्शक पांढरा रंग उणे एक होऊन बसतो. रंग नेहमी यूइंटमध्ये ठेवा आणि तुलनेआधी दोन्ही बाजूंना चोवीस बिटांचा मास्क लावा. लाल, हिरवा, निळा वेगळे काढायचे तर १६ घरं सरकवून २५५ चा मास्क, मग ८ घरं सरकवून तोच, मग न सरकवता तोच.

गडद की फिका हे ठरवायला तिघांची सरासरी काढू नका. डोळ्याला हिरवा सर्वांत उजळ वाटतो आणि निळा सर्वांत कमी. लालच्या ०.२९९ पट, हिरव्याच्या ०.५८७ पट आणि निळ्याच्या ०.११४ पट यांची बेरीज घ्या. ३३६६९९ साठी ती सुमारे ९३ येते. १२८ च्या खाली, म्हणजे गडद, अक्षरं पांढरी.

प्लेअर जुना, किंवा फाइल पोटातली

माझी दुसरी 'कायमची' दुरुस्ती स्टेज.कलरवर उभी होती आणि छान चालली. मग एक दिवस सगळे धडे एका मोठ्या आवरण-फाइलमध्ये लोडरने आणायचे ठरले. झालं! प्रत्येक धडा आता आवरणाचा रंग सांगू लागला.

हे बरोबरच आहे. स्टेज एकच असतो, आणि तो पहिल्या फाइलचा. लोडरने आत आणलेल्या फाइलचा सेटबॅकग्राउंडकलर टॅग प्लेअर दुर्लक्षितो; तिच्यामागे आवरणाचाच कागद राहतो. धड्याचा मूळ रंग त्याच्या फाइलमध्ये शाबूत असतो, पण तो कोणी वापरत नाही. तो हवा असेल, किंवा फ्लॅश प्लेअर ११ च्या आधीच्या प्लेअरवर काम करायचं असेल, तर फाइलचे बाइट उघडून टॅग वाचणं हाच मार्ग. ऐकायला भारी वाटतं, पण पंचवीस-तीस ओळींचं काम आहे, आणि एकदा केलं की पुन्हा हात लावावा लागत नाही.

बाइट मिळतात लोडरइन्फोच्या बाइट्स या प्रॉपर्टीतून. स्वतःच्या फाइलसाठी रूट.लोडरइन्फो, सर्वांत बाहेरच्या फाइलसाठी स्टेज.लोडरइन्फो, आत लोड केलेल्या फाइलसाठी लोडरचं कंटेंटलोडरइन्फो. या तिघांत गल्लत झाली तर कोड बिनचूक असूनही भलत्याच फाइलचा रंग येतो. लोड पुरं झाल्याचा इव्हेंट येईपर्यंत थांबा.

पहिली गोष्ट म्हणजे बाइटअ‍ॅरेचं एंडियन, म्हणजे बाइट वाचायचा क्रम, बदलून लिटल करा. मूळ सेटिंग बिग असतं आणि एसडब्ल्यूएफ लिटलमध्ये लिहिलेली असते. हे विसरलात तर पुढचा प्रत्येक आकडा उलटा वाचला जाईल.

मग पहिला बाइट बघा. ७० असेल, म्हणजे अक्षर एफ, तर फाइल उघडी आहे. ६७, म्हणजे सी असेल तर पहिले आठ बाइट सोडून उरलेला भाग झेडलिबने दाबलेला आहे. तो वेगळ्या बाइटअ‍ॅरेत घेऊन अनकंप्रेस करा. ९० म्हणजे झेड, एलझेडएमए या दुसऱ्या पद्धतीने दाबलेली. तिथे हेडरची मांडणी थोडी निराळी असते आणि ते सोडवणं कटकटीचं आहे. फाइल तुमचीच असेल तर झेडलिबने पुन्हा पब्लिश करा, तेच शहाणपणाचं.

आठव्या बाइटपासून स्टेजचा आयत सुरू होतो. त्याची लांबी ठरलेली नसते, आणि ऐकीव कोड इथेच मोडतो. पहिल्या बाइटचे वरचे पाच बिट सांगतात की प्रत्येक बाजू किती बिटांत लिहिली आहे. बाजू चार. म्हणून एकूण बिट म्हणजे पाच अधिक तो आकडा गुणिले चार, आणि पुढच्या पूर्ण बाइटपर्यंत वर ढकलायचं. ५५० बाय ४०० चा स्टेज घ्या. मोजमाप ट्विपमध्ये असतं, एका पिक्सेलचे २० ट्विप, म्हणून ११००० बाय ८०००. चिन्हासकट ११००० ला १५ बिट लागतात. पाच अधिक साठ, पासष्ट बिट, म्हणजे नऊ बाइट. त्यानंतर फ्रेम रेटचे दोन बाइट आणि फ्रेमच्या संख्येचे दोन. आठ, नऊ, दोन, दोन मिळून एकवीस. या फाइलमध्ये एकविसाव्या जागेपासून टॅग सुरू होतात. "एकवीसपासून वाचा" एवढंच कुठूनतरी उचलून लिहिलेला कोड स्टेजचा आकार बदलेपर्यंत चालतो. मी तसा लिहिला होता, म्हणून सांगतोय.

टॅगांची रचना सरळ आहे. दोन बाइटचा आकडा वाचा. सहा घरं उजवीकडे सरकवलात की टॅगचा क्रमांक. खालचे सहा बिट म्हणजे त्याची लांबी. लांबी ६३ आली तर ती खरी नव्हे, खरी लांबी पुढच्या चार बाइटमध्ये आहे.

क्रमांक ९ असेल तर पुढचे तीन बाइट लाल, हिरवा, निळा. मिळाला.
क्रमांक १ म्हणजे शोफ्रेम, ० म्हणजे शेवट. तिथे थांबा आणि नल परत करा.
बाकी कोणताही असेल तर लांबीइतकं पुढे सरका आणि पुन्हा वाचा.

एसडब्ल्यूएफ ८ पासून पहिला टॅग क्रमांक ६९ चा, फाइलअ‍ॅट्रिब्यूट्सचा असतो. पुढे कधी ७७ चा मेटाडेटा येतो, आणि तो बहुधा ६२ बाइटपेक्षा मोठा असल्यामुळे ६३ वाली वाट धरावी लागते. ती वाट न लिहिलेला कोड साध्या फाइलवर चालतो आणि मेटाडेटा असलेल्या फाइलवर भरकटतो. कोड बरोबर चाललाय का हे पाहायला एक खूण लक्षात ठेवा: रंगाच्या टॅगचा शीर्षआकडा, म्हणजे सुरुवातीचे ते दोन बाइट, कायम ५७९ असतो, म्हणजे ९ गुणिले ६४ अधिक ३.

काही जण मग सगळी फाइल त्या दोन बाइटांसाठी सरसकट शोधतात, टॅग वगैरे न मोजता. तसं करू नका. तेच दोन बाइट एखाद्या चित्राच्या किंवा आवाजाच्या डेटातही योगायोगाने येऊ शकतात.

आणि हे सगळं करून मिळतो तो फाइलमध्ये लिहिलेला रंग. चालू असताना कोणी स्टेज.कलर बदलला असेल, तर बाइटांना त्याचा पत्ता नसतो.

अ‍ॅक्शनस्क्रिप्ट २ मध्ये यातलं काहीच नाही: ना स्टेजला रंगाची प्रॉपर्टी, ना बाइट वाचायची सोय. तिथे रंग बाहेरून व्हेरिएबलमधून द्यायचा आणि विषय संपवायचा.

पेजने रंग बदललेला असतो तेव्हा

बीजीकलर किंवा ट्रान्सपरंट डब्ल्यूमोड असेल तर फाइलला विचारून उपयोग नाही. ती तिच्या जन्मावेळचा रंग सांगत राहील. पेजलाच विचारावं लागतं. सर्वांत कमी त्रासाचा उपाय म्हणजे रंग फ्लॅशव्हार्समधून, म्हणजे पेजने फाइलला दिलेल्या व्हेरिएबलमधून, आत पाठवणं आणि लोडरइन्फोच्या पॅरामीटर्समधून वाचणं. तिथे मिळणारी प्रत्येक गोष्ट स्ट्रिंग असते, हे डोक्यात ठेवा. पुढे हॅशचं चिन्ह असलेली स्ट्रिंग थेट यूइंटमध्ये टाकली की शून्य मिळतो, म्हणजे काळा. हॅश काढून टाकला आणि ३३६६९९ तसाच यूइंटला दिला, तर तो दहाच्या पायातला आकडा समजला जातो. त्याचा रंग होतो लाल ५, हिरवा ३५, निळा ५९. गंमत अशी की तोही गडद निळसरच आहे! अक्षरं पांढरीच राहतात आणि चूक महिनोन्‌महिने झाकली जाते. पार्सइंटला दुसरा आर्ग्युमेंट १६ द्या.

एक्स्टर्नलइंटरफेसने जावास्क्रिप्टला हाक मारून पेजचा कम्प्यूटेड रंगही वाचता येतो. पण बॉडीला रंग दिलेला नसेल तर उत्तर येतं चार शून्यांचं, आरजीबीए प्रकारचं. पहिली तीन शून्यं वाचून 'काळा' म्हणू नका. चौथं शून्य सांगतंय की तिथे काहीच नाही. अशा वेळी वरच्या एलिमेंटला विचारत जायचं, आणि शेवटपर्यंत कोणी काही बोललं नाही तर पांढरा धरायचा.

ब्राउझरमधला फ्लॅश प्लेअर ३१ डिसेंबर २०२० ला संपला आणि १२ जानेवारी २०२१ पासून तर त्याने आशय चालवणंही थांबवलं. तेव्हा हा भाग आता मुख्यतः रफलसारख्या एम्युलेटरवर जुनं काम चालवणाऱ्यांसाठी. रफलच्या सेटिंगमध्येही बॅकग्राउंड रंगाचा वेगळा पर्याय आहे, म्हणजे दावेदारांत आणखी एकाची भर. एअरवाल्यांचं, म्हणजे हाच कोड ब्राउझरबाहेर अ‍ॅप म्हणून चालवणाऱ्यांचं, बरं आहे, तिथे पेजच नाही. पण विंडो ट्रान्सपरंट केली असेल तर तिथेही कागद गायब होतो आणि मागचा डेस्कटॉप दिसतो.

फ्लेक्स आणि स्टेज३डी

फ्लेक्समध्ये, म्हणजे फ्लॅशवर अ‍ॅप्लिकेशन बांधायच्या फ्रेमवर्कमध्ये, स्टेजचा रंग बहुतेक वेळा दिसतच नाही. फ्लेक्स ४ मध्ये अ‍ॅप्लिकेशनचा स्किन स्वतःचा आयत रंगवतो. म्हणून तिथे टॉपलेव्हलअ‍ॅप्लिकेशनवर गेटस्टाइल करून बॅकग्राउंडकलर विचारा. फ्लेक्स ३ च्या हेलो थीममध्ये वरून खाली उतरत जाणारा रंग असतो, म्हणजे एकच उत्तर मुळातच नाही. आणि ट्रेसमध्ये ८८२१९२७ दिसला तर तो फ्लेक्स ३ च्या कंपाइलरचा ठरीव राखाडी-निळा आहे. कोणी रंग दिलेलाच नाही, असा त्याचा अर्थ. ज्या क्लासवर एसडब्ल्यूएफ मेटाडेटा (कंपाइलरला रंग सांगणारी ओळ) लिहिलाय तो मुख्य क्लास आहे ना, हे तपासा. दुसऱ्या क्लासवर लिहिलेला मेटाडेटा काहीही न बोलता वाया जातो.

स्टेज३डी, म्हणजे ग्राफिक्स कार्डावर चित्र काढायची सोय, डिस्प्ले लिस्टच्या खाली आणि कागदाच्या वर असतो. तो चालू झाला की कागद झाकला जातो आणि दिसतो तो क्लिअरला दिलेला रंग. तिथे रंग ० ते १ च्या दशांशात द्यायचा, म्हणून चोवीस बिटांतले तीन भाग वेगळे काढून २५५ ने भागा. स्टारलिंग ही स्टेज३डीवरची लायब्ररी वापरत असाल तर त्याच्या स्टेजला स्वतःचा कलर आहे, तोच विचारा.

डोळ्याला जे दिसतं तेच हवं असेल तर

माझी तिसरी आणि आतापर्यंत टिकलेली दुरुस्ती वरच्याच दोन तुकड्यांची जोडणी आहे. मला अक्षरांसाठी रंग हवा होता, म्हणजे खरं तर मला स्टेजचा रंग नकोच होता. अक्षरांच्या बरोबर मागे जो दिसतो तो हवा होता. डिझायनरने काढलेला चौकोन असला तरी चालेल.

एक बाय एक पिक्सेलचा बिटमॅपडेटा घ्या, पारदर्शकता बंद, आणि भरायचा रंग म्हणून स्टेज.कलर द्या. हा झाला कागद. मॅट्रिक्स घेऊन ती बिंदूच्या उलट दिशेने सरकवा, उणे एक्स, उणे वाय, म्हणजे हवा तो बिंदू या एका पिक्सेलवर येईल. मग स्टेज ड्रॉ करा. ही झाली शाई. आता गेटपिक्सेल. मध्ये चौकोन असेल तर त्याचा रंग मिळतो, अर्धपारदर्शक असेल तर मिसळलेला मिळतो, काहीच नसेल तर कागदाचा. ड्रॉ करण्याआधी स्वतःचं टेक्स्टफील्ड व्हिजिबल फॉल्स करायला विसरू नका, नाहीतर तुमच्याच अक्षराचा रंग हाती येतो आणि प्रत्येक फ्रेमला अक्षरं काळी-पांढरी लुकलुकतात. हे मी दहा मिनिटं कौतुकाने बघत बसलो होतो. काम झालं की डिस्पोज करा.

ड्रॉला ट्राय-कॅचमध्ये ठेवा. परक्या डोमेनच्या वस्तूमुळे एरर आली तर निमूटपणे स्टेज.कलरवर या. स्टेजव्हिडिओ आणि स्टेज३डी या ड्रॉमध्ये येत नाहीत, त्यामुळे त्यांच्यावर अक्षरं बसवायची असतील तर हा उपाय सोडा आणि अक्षरांमागे स्वतःची पट्टी काढा. आणि हे प्रत्येक फ्रेमला चालवू नका. पिक्सेल एकच वाचायचा असला तरी स्टेजवरच्या वस्तूंची यादी प्लेअरला पुन्हा फिरावी लागते. धडा बदलला किंवा स्टेजचा आकार बदलला की एकदा, एवढं पुरतं.

चाचणीसाठी मी आता चार धडे कायम बाजूला ठेवले आहेत. एकाचा स्टेज काळा, शून्य किमतीसाठी. एकाचा ००३३६६, गळणाऱ्या शून्यांसाठी. एक पांढऱ्या स्टेजवर गडद चौकोन काढलेला. आणि एक ७०० बाय ४५० चा, मेटाडेटासकट, दुसऱ्या फाइलच्या पोटात लोड होणारा. पांढरा, ५५० बाय ४०० चा, रिकामा धडा मात्र काढून टाकलाय. त्याच्यावर प्रत्येक चुकीचा कोड पास होत होता.